थायरॉइडची तपासणी : आधी रक्त की आधी गोळी?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या वाचकांचे बरेचसे प्रश्न तपासणीच्या सकाळविषयी असतात. काय घ्यायचं, काय थांबवायचं, किती दिवस आधी थांबवायचं? लॅबमध्ये एक सांगतात, नातेवाईक दुसरंच सांगतात, आणि या गोंधळात नीट बसलेला डोस विनाकारण बदलला जातो. म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे याच विषयाला दिलं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो : बहुतेकांना तपासणीसाठी दोनच गोष्टी बदलाव्या लागतात. त्या दिवशीची थायरॉक्सिनची (म्हणजे टी-४ या थायरॉइड हार्मोनची) गोळी रक्त दिल्यावर घ्यायची आणि बायोटिन (केसांसाठी घेतलं जाणारं एक व्हिटॅमिन) किमान दोन दिवस आधी बंद ठेवायचं. बाकीचं सगळं रोजच्यासारखंच चालू द्यायचं.

प्रश्न : मी रोज सकाळी थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. लॅबमध्ये म्हणतात, गोळी घेऊन आलात तरी चालेल. डॉक्टर म्हणतात, घेऊन जाऊ नका. कोणाचं ऐकू?

डॉक्टरांचं. आधी रक्त, मग गोळी.

गोळी पोटात गेल्यावर दोन ते चार तासांत रक्तातलं फ्री टी-४, म्हणजे थायरॉक्सिनचा मोकळा भाग, वर चढतं, साधारण १५ ते २० टक्क्यांनी, आणि पुढे हळूहळू खाली येतं. समजा तुमची रोजची पातळी १.६ आहे आणि लॅबची वरची मर्यादा १.८. सात वाजता गोळी घेऊन दहा वाजता रक्त दिलंत, तर रिपोर्टवर १.९ छापून येऊ शकतं आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरात ‘जास्त’ असा शेरा. तो पाहून कुणी डोस १०० वरून ७५ वर आणला, तर दीड-दोन महिन्यांनी थकवा, बद्धकोष्ठता, अंगावर सूज असं सगळं परत सुरू होतं. मुळात तेव्हा काहीच बिघडलेलं नसतं.

टीएसएच, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन, थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की वाढतं आणि जास्त झालं की घटतं. एका गोळीने मात्र ते इतक्या कमी वेळात हलत नाही. गेल्या काही आठवड्यांत शरीराला सरासरी किती हार्मोन मिळालं, हे त्यातून कळतं. त्यामुळे फक्त टीएसएच तपासायचं असेल तर लॅबचं म्हणणंही चुकीचं नाही. पण फॉर्मवर फ्री टी-४ आहे की नाही हे बहुतेकांना लॅबमध्ये गेल्यावरच समजतं, म्हणून दर वेळी आधी रक्त देण्याची सवय ठेवलेली बरी.

गोळीला चार तास उशीर झाला तर काही होईल का, अशी भीती वाटत असेल तर ती काढून टाका. शरीरातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. गोळी सोबत घेऊन जा, पण पाकिटासकट. थायरॉक्सिनला ओलावा, उजेड आणि उष्णता सोसत नाही, त्यामुळे सुटी गोळी कागदात गुंडाळून नेऊ नका. रक्त दिलं, कापूस दाबून धरला, की तिथेच पाण्याबरोबर गोळी घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास खाणं, चहा, कॉफी काही नको. ‘घरी गेल्यावर घेऊ’ म्हटलं की त्या दिवशीची गोळी हमखास राहून जाते.

आणि चुकून आधी घेतलीच, तर परत फिरू नका आणि लपवूही नका. फॉर्मवर लिहा : ‘गोळी ६.३०, रक्त ९.१५’. एवढ्या एका ओळीवरून डॉक्टरांना रिपोर्ट कसा वाचायचा ते समजतं. फ्री टी-४ नेमकं हवंच असेल तर दुसऱ्या दिवशी गोळीआधी रक्त द्या.

प्रश्न : मी गोळी रात्री झोपताना घेतो. मग तपासणीच्या आदल्या रात्रीची सोडायची का?

नाही. रात्री दहाला घेतलेली गोळी आणि सकाळी आठला दिलेलं रक्त यांत दहा तासांचं अंतर पडतं, तोवर चढलेली पातळी बरीचशी उतरलेली असते. फक्त रात्रीची गोळी शेवटच्या खाण्यानंतर किमान तीन तासांनी घेत जा, तपासणी असो वा नसो.

प्रश्न : माझं वय ३१. वजन स्थिर आहे, धडधड नाही, हात थरथरत नाहीत, झोप व्यवस्थित. नेहमीच्या तपासणीत टीएसएच ०.०४ आलं, फ्री टी-४ आणि फ्री टी-३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) दोन्ही जास्त, टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडीही पॉझिटिव्ह. ग्रेव्हज डिसीज (थायरॉइडला जास्त काम करायला लावणारा आजार) आहे, कार्बिमाझोल (थायरॉइडचं हार्मोन कमी करणारं औषध) सुरू करावं लागेल असं सांगितलंय. औषधं काहीच चालू नाहीत. केस गळतात म्हणून फक्त एक व्हिटॅमिनची गोळी घेते, १०,००० मायक्रोग्रॅमची.

‘फक्त एक व्हिटॅमिनची गोळी’ या शब्दांपाशीच थांबायला हवं. केस, त्वचा आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या १०,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत जवळजवळ नक्कीच बायोटिन असणार. पाकिटावर त्याचं नाव बी-७ किंवा व्हिटॅमिन एच असंही असतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. तुमच्या एका गोळीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त आहे.

बायोटिनमुळे तुमची थायरॉइड बिघडत नाही, बिघडते ती यंत्राची मोजणी. बऱ्याच लॅबची यंत्रं हार्मोन पकडायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन या दोन रेणूंच्या अतिशय घट्ट जोडीचा उपयोग करतात. यंत्रातल्या बारीक कणांवर स्ट्रेप्टाव्हिडिन असतं, आणि हार्मोनला धरणाऱ्या अँटिबॉडीला बायोटिन जोडलेलं असतं. रक्त मिसळलं की अँटिबॉडीने हार्मोन धरायचं, तिच्यावरच्या बायोटिनने कणाला चिकटायचं आणि यंत्राने सिग्नल मोजायचा. पण तुमच्या रक्तातच बायोटिन भरपूर असेल तर कणांवरच्या जागा तेच अडवून बसतं. टीएसएचच्या चाचणीत कणाला जेवढं चिकटलं तेवढा आकडा, त्यामुळे टीएसएच खोटंच कमी दिसतं. फ्री टी-४, फ्री टी-३ आणि रिसेप्टर अँटिबॉडीच्या चाचण्या उलट चालतात : सिग्नल जितका कमी, तितका आकडा मोठा. म्हणून ते तिन्ही खोटेच जास्त येतात. चारही आकडे एकमेकांना दुजोरा देतात आणि हुबेहूब ग्रेव्हजचं चित्र उभं राहतं. फसगत होते ती यामुळेच. एकच आकडा विचित्र आला असता तर डॉक्टरांना शंका आली असती.

आता काय करायचं? तुम्हाला त्रास काहीच नसताना आकडे मात्र एवढे वाईट, ही विसंगती डॉक्टरांना सांगा आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या. बायोटिन थांबवा, आणि कार्बिमाझोल सुरू करण्याआधी तपासणी पुन्हा करायची विनंती करा. पाच ते दहा मिलिग्रॅमच्या रोजच्या डोससाठी किमान दोन पूर्ण दिवस थांबायला सांगितलं जातं. एकदा औषध सुरू करण्यापर्यंत गोष्ट गेलीच आहे, तर तीन-चार दिवस थांबायला हरकत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिससाठी किंवा काही जन्मजात चयापचय आजारांत १०० ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत बायोटिन दिलं गेलेलं आहे. तिथे दोन दिवस पुरत नाहीत, निदान तीन दिवस ते आठवडा लागतो, आणि जन्मजात आजारात तर ते आपल्या मनाने थांबवायचंच नसतं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर बायोटिन शरीरात जास्त काळ राहतं, तेव्हा दिवस वाढवावे लागतात.

पाकीट वाचताना एककाकडे नीट पाहा. १० मिलिग्रॅम आणि १०,००० मायक्रोग्रॅम एकच. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३० ते ३०० मायक्रोग्रॅम असतं, त्याने सहसा गडबड होत नाही. हजाराचा आकडा दिसला की सावध व्हा.

सगळीच यंत्रं या पद्धतीवर चालत नाहीत, आणि काही कंपन्यांनी आपल्या चाचण्या सुधारूनही घेतल्या आहेत. लॅबला सरळ विचारा : ‘तुमच्या टीएसएच आणि फ्री टी-४च्या चाचणीत बायोटिनचा अडथळा येतो का, आणि किती डोसपासून?’ चांगल्या लॅबकडे याचं उत्तर असतं.

बायोटिनचा घोळ थायरॉइडपुरता नाही. पॅराथायरॉइड हार्मोन, व्हिटॅमिन डी, काही प्रजननसंबंधी हार्मोन्स आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिलं जाणारं ट्रोपोनिन, या सगळ्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला आणि २०१९ मध्ये तो पुन्हा दिला. खूप बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचं ट्रोपोनिन खोटंच कमी आलं आणि तो दगावला, अशी नोंद त्यात होती. म्हणून छातीत दुखून कधी इस्पितळात जावं लागलं तर बायोटिन चालू असल्याचं पहिल्यांदा सांगा.

हे सगळं खरं, तरी दुसरी बाजूही लक्षात ठेवा. धडधड, भराभर उतरणारं वजन, थरथर, डोळे पुढे येणं यांपैकी काही असेल तर बायोटिनवर बोट ठेवून बसू नका. तेव्हा आकडे खरे असण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : मला लोहाची आणि कॅल्शियमची गोळी चालू आहे. तपासणीआधी आठवडाभर दोन्ही बंद ठेवल्या तर रिपोर्ट चांगला येईल ना?

चांगला येण्यापेक्षा फसवा येईल. लोह आणि कॅल्शियम यंत्राच्या मोजणीत लुडबुड करत नाहीत. ते आतड्यात थायरॉक्सिनला बांधून ठेवतात, त्यामुळे गोळीचा काही भाग रक्तात पोचतच नाही. आठवडाभर त्या बंद केल्यात तर फ्री टी-४ थोडं वर येईल, टीएसएच अर्धवट खाली येईल, आणि तुमचे एरवीचे दिवस त्या रिपोर्टमध्ये दिसणारच नाहीत. डॉक्टरांना त्या एरवीच्या दिवसांवर डोस ठरवायचा असतो.

तेव्हा बंद करू नका, अंतर ठेवा. थायरॉक्सिन आणि लोह, कॅल्शियम यांच्यात चार तास. थायरॉक्सिन सकाळी सहाला घेत असाल तर लोह दुपारी बारानंतर आणि कॅल्शियम रात्री, अशी वाटणी बहुतेकांना जमते. नाश्त्याबरोबर मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर त्यातही लोह आणि कॅल्शियम असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली अँटासिडं, सुक्रालफेट, कोलेस्टायरामिन, मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी करायला देतात ते सेव्हेलामर, या सगळ्यांसाठीही हेच चार तास धरा.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्यांचं गणित वेगळं आहे. त्या दिवसभर पोटातलं आम्लच कमी करतात आणि थायरॉक्सिन विरघळायला आम्ल लागतं. तिथे चार तासांचं अंतर ठेवून काही साधत नाही. त्या घ्यायच्या असतील तर नियमित घ्या, आणि सुरू किंवा बंद केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहा. कधी घेतली, कधी नाही असं केलंत तर टीएसएच वरखाली होत राहतं आणि कारण कुणालाच सापडत नाही.

आतापर्यंत तुम्ही सगळ्या गोळ्या एकत्रच घेत आला असाल, तर आधी वेळा नीट लावा, सहा ते आठ आठवडे तशाच पाळा आणि मगच तपासणी करा. कित्येकदा डोस वाढवायची गरजच उरत नाही. उलट वेळा सुधारल्यावर तोच डोस जास्त पडू लागतो, तेव्हा तपासणी टाळूही नका.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. गोळ्या विसरते. तपासणी आली की तीन-चार दिवस दोन-दोन गोळ्या घेते. या वेळी टीएसएच १४ आलं आणि फ्री टी-४ वरच्या मर्यादेला टेकलेलं. डॉक्टर बुचकळ्यात पडलेत.

या दोन आकड्यांच्या जोडीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. फ्री टी-४ गेल्या काही दिवसांत काय घेतलं ते दाखवतं, टीएसएच गेल्या दीड-दोन महिन्यांत काय झालं ते दाखवतं. चार दिवसांत आठ गोळ्या घेतल्या की पहिला आकडा वर जातो, दुसरा जागचा हलत नाही.

हे डॉक्टरांना सांगितलं नाहीत तर पुढे दोन धोके आहेत. एक, टीएसएच पाहून डोस वाढेल, आणि आईने कधी मनावर घेऊन रोज गोळी घ्यायला सुरुवात केली की तोच वाढीव डोस जास्त होईल. या वयात त्यातून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडंही ठिसूळ होतात. दुसरा धोका, पिट्युटरीच्या किंवा हार्मोनला दाद न देण्याच्या दुर्मीळ आजारांच्या तपासण्या सुरू होतील. दोन्ही टाळायला एक वाक्य पुरेसं आहे : ‘महिन्यातल्या साधारण निम्म्या गोळ्या राहिल्या होत्या.’ आईला यात अपराधी वाटू देऊ नका. विसरणं हा उपचारातला प्रश्न आहे आणि त्याला उपाय आहे.

आठवड्याच्या सात कप्प्यांचा डबा आणा, दर रविवारी तुम्ही भरा. कप्पा रिकामा दिसला म्हणजे गोळी घेतली, एवढं साधं. सकाळ धावपळीची असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी रात्रीवर न्या. त्याच दिवशी आठवलं तर राहिलेली गोळी, जेवणाशी अंतर ठेवून, घेऊन टाकावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर न विचारता दुप्पट घेऊ नये, विशेषतः हृदयाचा त्रास असेल तर. सहा आठवडे नियमित झाले की मग रक्त तपासा. तोपर्यंत डोसला हात लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : सकाळी साडेसातला टीएसएच ६.१ आणि दहा दिवसांनी दुपारी तीनला ४.३. डोस तोच. लॅब चुकली का?

बहुधा दोन्ही बरोबर आहेत. टीएसएच दिवसभर सारखं नसतं. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ते सगळ्यात जास्त असतं आणि दुपारी सगळ्यात कमी. खाल्ल्यानंतरही थोडं उतरतं. शिवाय यंत्र बदललं की आकडा बदलतो. दर वेळी तीच लॅब, तीच वेळ, शक्यतो सकाळी आठ-नऊच्या सुमारास, एवढं पाळलंत तर जुना रिपोर्ट नव्याशेजारी ठेवून काही बोलता येतं. उपाशी राहण्याची सक्ती थायरॉइडसाठी नसते, पण गोळी रक्तानंतर घ्यायची असल्यामुळे बहुतेकांचं पोट तसंही रिकामंच असतं. पाणी हवं तेवढं प्या.

प्रश्न : टी-४ बरोबर मला टी-३ची गोळीही दिवसातून दोनदा आहे. तिचं काय?

टी-३ झपाट्याने चढतं आणि उतरतं. घेतल्यावर दोन ते चार तासांत शिखर गाठतं, आणि शरीरातून निम्मं जायला सुमारे एकच दिवस लागतो. म्हणून इथे वेळेला टी-४पेक्षाही जास्त महत्त्व आहे. आदल्या संध्याकाळचा डोस नेहमीच्या वेळी घ्या, सकाळचा रक्तानंतर. मधे आठ ते बारा तास गेले की आकडा वाचण्याजोगा असतो. फॉर्मवर शेवटच्या डोसची वेळ जरूर लिहा. सकाळी दोन्ही गोळ्या घेऊन अकराला रक्त दिलं, तर फ्री टी-३ जास्त येईल आणि डोस कमी करण्याचा सल्ला मिळेल, कदाचित चुकीचा.

प्रश्न : मला थायरॉइड जास्त असल्यामुळे कार्बिमाझोल चालू आहे. तीही गोळी रक्तानंतर घ्यायची का? आणि तीन महिने झाले तरी टीएसएच ०.०१ च आहे.

कार्बिमाझोलसाठी वेळेचं बंधन नाही. गोळी आपण मोजत असलेलं हार्मोन नाही, ती ग्रंथीत हार्मोन तयार होणं कमी करते, आणि त्याचा परिणाम आठवड्यांच्या हिशेबात दिसतो. रोजच्या वेळी घ्या, चुकवू नका. याच कामाच्या प्रोपिलथायोयुरासिललाही हेच लागू.

टीएसएचबद्दल धीर धरा. बराच काळ दबलेली पिट्युटरी जागी व्हायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने घेते. तोवर डोस ठरतो तो फ्री टी-४ आणि टी-३वर, साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी. टीएसएच वर येत नाही म्हणून डोस वाढवत गेलं तर थायरॉइड उलट बाजूला घसरते.

एक गोष्ट मात्र वेळेची आहेच. या गोळ्या चालू असताना ताप किंवा जोराचा घसा दुखला, तोंडात व्रण आले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित प्रसंगी त्या एकदम घटतात. पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट पाहू नका.

प्रश्न : गरोदरपणाचा सहावा आठवडा. थायरॉक्सिन ७५ चालू आहे. पुढची तपासणी तीन महिन्यांनी लिहून दिलेली होती. तेव्हाच करू?

नाही, आत्ता करा, याच आठवड्यात. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढू लागते, बहुतेकींना २० ते ३० टक्के जास्त लागतं. म्हणूनच गर्भधारणेची खात्री झाल्याबरोबर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, म्हणजे दोन दिवस दुप्पट, असं अनेक डॉक्टर आधीच सांगून ठेवतात. तुम्हाला तसं सांगितलेलं नसेल तर आजच फोन करून विचारा. मग गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा. उपचार चालू असलेल्यांचं टीएसएच साधारण २.५च्या खाली ठेवलं जातं.

या काळात लोह आणि कॅल्शियम हमखास सुरू होतं आणि तेही सकाळीच घ्यायची सवय लागते. चार तासांचं अंतर इथे सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी मळमळ, उलट्या होत असतील तर थायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घेता येईल का ते विचारा. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीएवढा करतात आणि सहा आठवड्यांनी तपासतात.

प्रश्न : आयोडीनचं औषध टोचून सीटी स्कॅन झालाय. थायरॉइडची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

नेहमीची तपासणी असेल तर सहा ते आठ आठवडे पुढे ढकला. त्या औषधात आयोडीन प्रचंड असतं आणि काही आठवडे थायरॉइड त्यामुळे वरखाली होऊ शकते. रेडिओआयोडीनचा स्कॅन तर तोवर निरुपयोगीच. मात्र सीटीनंतर धडधड, घाम, वजन उतरणं सुरू झालं असेल तर ढकलू नका.

असंच आयोडीनने भरलेलं औषध म्हणजे हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि दिवसाची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडं वर जाणं अपेक्षितच असतं. तपासणीसाठी ही गोळी थांबवण्याचा विचारही करू नका. ती हृदयासाठी आहे, आणि शरीरातून जायलाही तिला महिने लागतात. सुरू करण्याआधी एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी थायरॉइड पाहायची, इतकंच. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं टीएसएच खाली दाबतात. तीही बंद करायची नसतात, फॉर्मवर लिहायची असतात. नुकताच मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तरी आकडे काही आठवडे भरवशाचे नसतात.

प्रश्न : थायरॉइडच्या कॅन्सरसाठी ग्रंथी काढली आहे. वर्षाच्या थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्या पेशींतून येणारं, कॅन्सर परतला का ते दाखवणारं प्रथिन) तपासणीआधी थायरॉक्सिन बंद करायचं असं एका ओळखीच्यांनी सांगितलं.

तपासणी दोन प्रकारे होते. पहिली, गोळी चालू ठेवून : त्यात काहीच बंद करायचं नाही. दुसरी, टीएसएच मुद्दाम ३०च्या वर चढवून. त्यासाठी एकतर थायरॉक्सिन तीन-चार आठवडे बंद ठेवतात, किंवा गोळी चालू ठेवून लागोपाठ दोन दिवस ०.९ मिलिग्रॅमचं टीएसएचचं इंजेक्शन देतात आणि दुसऱ्या इंजेक्शननंतर ७२ तासांनी रक्त घेतात. तुमची कोणती हे उपचार करणारे डॉक्टर ठरवतील, ओळखीच्यांच्या अनुभवावरून ठरवू नका.

बायोटिनचा धोका इथे उलटा आणि जास्त गंभीर आहे. त्याने थायरोग्लोब्युलिन खोटंच कमी येतं. म्हणजे आजार परतलेला असला तरी रिपोर्ट निर्धास्त करणारा येऊ शकतो.

प्रश्न : व्हिटॅमिन डी, सेलेनियम, अश्वगंधा, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, यांचं काय?

डी आणि सेलेनियम चालू ठेवा, फक्त डीच्या गोळीत कॅल्शियम मिसळलेलं नाही ना ते पाहा. रक्तदाबाची गोळी रोजच्या वेळी घ्या. त्याच दिवशी उपाशीपोटी साखर तपासायची असेल तर मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन जेवणापर्यंत थांबवायचे का, हे आधी विचारून ठेवा. अश्वगंधेने काही जणांत थायरॉइड हार्मोन वाढल्याचं नोंदलं गेलं आहे. घेत असाल तर सांगा. समुद्री शेवाळाच्या म्हणजे केल्पच्या गोळ्यांत आयोडीन भरमसाट असू शकतं, आणि ‘थायरॉइड सपोर्ट’ नावाने मिळणाऱ्या काही गोळ्यांत तर खुद्द हार्मोनच सापडलेलं आहे. त्या घेऊच नका.

प्रश्न : बाळ सात आठवड्यांचं. जन्मतः थायरॉइड कमी, रोज थायरॉक्सिन. रक्त कधी द्यायचं, आणि गोळी दुधाच्या बाटलीत टाकली तर चालेल का?

त्या दिवशीचा डोस रक्तानंतर द्या. ते जमत नसेल तर डोस आणि रक्त यांत किमान चार तास जाऊ द्या.

बाटलीत टाकू नका. बाळाने दूध अर्धं सोडलं की औषधही अर्धं सुटलं, आणि पोटात किती गेलं ते कुणालाच कळत नाही. गोळी दोन स्वच्छ चमच्यांमध्ये दाबून बारीक भुकटी करा, तिच्यात एक-दोन मिलिलिटर पाणी किंवा आईचं दूध घाला, आणि चमच्याने किंवा सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. मग चमच्यात आणखी थोडं पाणी घालून तळाशी राहिलेली भुकटीही पाजा, बराच डोस तिथेच चिकटून राहतो. मिश्रण दर वेळी ताजं करा, उरवून ठेवू नका. सोयाचं दूध, लोहाचे किंवा कॅल्शियमचे थेंब यांच्याबरोबर देऊ नका.

उपचार सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत पहिली तपासणी, मग आकडे जागेवर येईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, आणि पुढे वर्षभर डॉक्टर सांगतील तशी दर एक ते तीन महिन्यांनी. मोठ्यांचा सहा-आठ आठवड्यांचा नियम इथे लावायचा नाही. या वयात मेंदूची वाढ झपाट्याने होत असते आणि कमी पडलेला डोस लवकर सापडावा लागतो. वजन वाढेल तसा डोसही बदलत जातो, म्हणून दर वेळी बाळाचं त्या दिवसाचं वजन फॉर्मवर लिहा.